ठिगळ लावावं की राहू द्यावं?



१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित अपडेट्स बंद केली. तेव्हापासून भारतातून मला येणाऱ्या फोनांपैकी निम्म्यांचा विषय ठरलेला. "अगं, तो खाली कोपऱ्यात काहीतरी मागतोय. हो म्हणू की नको?" मामा झाले, आत्या झाली, आत्याच्या सोसायटीतले एक काका झाले. संगणक दहा-बारा वर्षांचा, चालतोय ठणठणीत, आणि पडद्यावर पाटी येते की आता तुमचं काही खरं नाही. परदेशात राहून आयटीत काम करणाऱ्यांपैकी कोणाला हा फोन चुकला असेल असं वाटत नाही.

'हो' म्हणून पस्तावलेले लोक मी पाहिलेत, 'नको' म्हणून पस्तावलेलेही पाहिलेत. म्हणून एका ओळीचं उत्तर देण्याऐवजी हा प्रश्न आला कुठून ते सांगते. मी २००४ पासून उत्तर इंग्लंडमधल्या एका इस्पितळाच्या संगणक विभागात आहे, त्यामुळे हा इतिहास बराचसा इस्पितळांच्या अंगाने येईल. त्याला इलाज नाही :-)

आधी शब्द बघू. ज्याला आपण अपडेट म्हणतो त्यातल्या दुरुस्तीच्या भागाला धंद्यात 'पॅच' म्हणतात, म्हणजे चक्क ठिगळ. आणि ते मुळात खरोखरचं ठिगळ होतं. १९४४ च्या हार्वर्ड मार्क वन या संगणकाला हुकूम द्यायचे ते भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून. चूक सापडली की त्या भोकांवर कागदाचा तुकडा चिकटवायचा. अशी ठिगळं लावलेली पट्टी अजून जपून ठेवलेली आहे, तिचा फोटो बघायला मिळतो. त्या काळी ठिगळ लावणारा आणि यंत्र वापरणारा एकाच खोलीत असायचे. बिघडलं तर तिथेच कळायचं. पुढची सगळी भानगड झाली ती ही दोन माणसं हजारो मैल लांब गेली म्हणून.

आता एकदम एक्सपीवर येते, कारण आपल्यापैकी बहुतेकांचा पहिला 'स्वतःचा' संगणक तोच. विंडोज एक्सपी बाजारात आली २५ ऑक्टोबर २००१ ला, आणि डिसेंबर संपायच्या आत तिच्यातलं पहिलं मोठं भगदाड जाहीर झालं. महाजालावरून कोणीही आत शिरून यंत्राचा ताबा घेऊ शकेल असं. ठिगळ लगेच मिळालं. पण लावलं किती जणांनी?

न लावण्याला तेव्हा कारणं होती आणि ती मूर्खपणाची नव्हती, हे मला आवर्जून सांगायचंय. ज्यांनी आधी एनटी ४ वापरली होती त्यांना १९९९ मधला सहावा सर्व्हिस पॅक आठवत होता. तो लावला आणि साध्या वापरकर्त्यांचं लोटस नोट्स नेटवर्कशी बोलेनासं झालं. महिन्याभरात '६ए' नावाचा सुधारित पॅक काढावा लागला. ऑफिसची सगळी टपाल ज्या प्रोग्रॅममधून जाते तोच बंद पडल्यावर त्या आयटीवाल्याचं काय झालं असेल विचार करा. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. 'दुसऱ्या कोणाला आधी लावू दे, आपण महिनाभर थांबू' ही पद्धत तिथून आली, आणि मी नोकरीला लागले तेव्हा मला हीच शहाणपणाची गोष्ट म्हणून शिकवण्यात आली.

भारतात कारण वेगळं होतं, ते आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी मोठ्याने बोलत नाही. लॅमिंग्टन रोडवरून नाहीतर गावातल्या ओळखीच्या पोराकडून जोडून घेतलेला संगणक, आणि त्यात त्याने 'भरून दिलेली' विंडोज. अपडेट केलं की चोरी पकडली जाईल या भीतीने तो पोरगा जातानाच अपडेट बंद करून जायचा. ही भीती अगदीच हवेतली नव्हती. २००२ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकने सर्वांत जास्त फुटलेल्या दोन चाव्या अडवल्या. २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून काही उतरवून घ्यायचं तर 'तुमची प्रत अस्सल आहे का' ही तपासणी सक्तीची झाली. २००८ मध्ये तर बनावट प्रतीच्या पडद्यामागचं चित्र जाऊन काळं व्हायला लागलं. गंमत म्हणजे सुरक्षेची ठिगळं नकली प्रतींनाही आपोआप मिळत राहतील अशी सोय मायक्रोसॉफ्टने ठेवली होती. पण ती माहिती गल्लीतल्या पोरापर्यंत कशी पोचणार? दोन्ही गोष्टी एकाच नळातून येत होत्या, त्याने नळच बंद केला.

हे 'एकाच नळातून' प्रकरण ध्यानात ठेवा. माझ्या मते सगळ्या घोळाचं मूळ तिथे आहे.

दुसऱ्या बाजूला न लावण्याचा परिणाम काय होतो तेही लोकांना दिसायला लागलं. २५ जानेवारी २००३ ला स्लॅमर आला. जेमतेम ३७६ बाइटांचा किडा. दर साडेआठ सेकंदांना दुप्पट होत गेला आणि जी काही ७५ हजार यंत्रं पकडायची त्यांतली बहुतेक त्याने दहा मिनिटांत पकडली. त्यावरचं ठिगळ जुलै २००२ मध्येच निघालं होतं, सहा महिने आधी. पण ते हाताने फायली बदलून लावायचं होतं, म्हणून राहून गेलं होतं. खुद्द मायक्रोसॉफ्टच्या आतल्या यंत्रांवरही राहून गेलं होतं!

मग ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर. तो आठवतो का? पडद्यावर चौकट यायची आणि साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू. साठ सेकंदांत संगणक बंद. परत चालू करा, परत साठ सेकंद. ठिगळ २६ दिवस आधी, १६ जुलैला आलेलं. या ब्लास्टरने १६ ऑगस्टला मायक्रोसॉफ्टच्या अपडेटच्या पत्त्यावरच हल्ला चढवायचा बेत केला होता. कंपनीने तो पत्ताच काढून टाकला आणि हल्ला हवेत गेला.

आठवडाभरात आणखी एक किडा आला, वेल्चिया. त्याच्या कर्त्याला समाजसेवा करायची होती बहुतेक. हा त्याच भगदाडातून आत शिरायचा, ब्लास्टर पुसायचा, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून ठिगळ आणून लावायचा आणि यंत्र परत सुरू करायचा. कोणालाही न विचारता. भीक नको पण कुत्रा आवर! एवढ्या यंत्रांनी एकदम शोधाशोध सुरू केल्यावर नेटवर्कं तुंबली. एअर कॅनडाची चेक-इन व्यवस्था कोलमडली, अमेरिकन नौदलाचं नेटवर्क बंद पडलं. सक्तीच्या अपडेटचा असा पहिला मोठा प्रयोग कंपनीने नाही, एका अनोळखी घुसखोराने केला.

त्यानंतर दोन मोठे बदल झाले. ऑक्टोबर २००३ पासून ठिगळं महिन्यातून एकदा, दुसऱ्या मंगळवारी येऊ लागली, म्हणजे कार्यालयांना आधी चाचणी करायची तयारी ठेवता यावी. अर्थात ठिगळ बाहेर आलं की ते उलगडून भगदाड नेमकं कुठे होतं हे चोरालाही कळतं. म्हणून आमच्यात मंगळवारानंतरच्या दिवसाला 'चोरांचा बुधवार' अशा अर्थाचं नाव पडलं. थांबून बघण्याची पद्धत त्या दिवसापासून महाग झाली.

आणि ऑगस्ट २००४ मध्ये आला एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक, प्रसिद्ध एसपी-टू. त्यात फायरवॉल मुळातच चालू करून दिली होती. त्या वर्षी सॅन्स या संस्थेने मोजलं होतं की विनासंरक्षण विंडोज महाजालाला जोडली तर सरासरी वीसेक मिनिटांत तिच्यावर कोणीतरी चाल करून येतं. म्हणजे नवीन संगणक जोडून ठिगळं उतरवायला घ्या, ती उतरेपर्यंत किडा आत. एसपी-टू ने हे थांबवलं. पण पूर्ण पॅक होता सुमारे २६६ मेगाबाइटचा! ५६ केच्या डायल-अपवर, लाइन एकदाही न तुटता पूर्ण वेगाने चालली तरी अकरा तास. कंपनी मागेल त्याला फुकट सीडी पाठवत होती. शिवाय त्या फायरवॉलमुळे काही जुने प्रोग्रॅम अडायला लागले. आयबीएमने तर आपल्या कर्मचाऱ्यांना 'सध्या लावू नका' असं कळवलं. कंपन्यांना तयारीला वेळ मिळावा म्हणून मायक्रोसॉफ्टने एसपी-टू रोखून धरायची कळ दिली, ती एप्रिल २००५ पर्यंत चालली. माझ्या मते एक्सपीच्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं काम म्हणजे एसपी-टू. पण तेव्हा ज्यांचे प्रोग्रॅम अडले त्यांच्या लक्षात अडणंच राहिलं.

आता इस्पितळात चला. एक्सपीच्या आपोआप अपडेटची एक खोड होती. रात्री तीनला ठिगळ लावायचं, आणि गरज पडली की पाच मिनिटांची सूचना देऊन यंत्र परत सुरू करायचं. ऑफिसात रात्री तीनला कोणी नसतं. इस्पितळात असतं. आणि रात्री यंत्र बंद असेल तर हा सगळा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी भर कामात व्हायचा.

२००८ च्या नाताळच्या आठवड्यात शेफील्डच्या इस्पितळांत नेमकं हेच घडलं. शस्त्रक्रिया चालू असताना ऑपरेशन थिएटरमधले संगणक परत सुरू झाले. व्यवस्थापनाने घाबरून जाऊन, आणि कोण घाबरणार नाही, सगळ्या ८,००० संगणकांवरची सुरक्षा अपडेट्स बंद केली. २९ डिसेंबरला तिथे कॉन्फिकर नावाचा किडा सापडला. जानेवारीत बातमी आली तेव्हा ८०० च्या वर यंत्रं लागण झालेली होती.

ही गोष्ट मी नव्या येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, आणि ऐकणारा दर वेळी म्हणतो, "किती मूर्खपणा!" मला तसं वाटत नाही. एक तर कॉन्फिकरवरचं ठिगळ २३ ऑक्टोबरलाच आलं होतं, आणि तो यूएसबी काडीवरूनही पसरायचा, तेव्हा सगळं खापर नाताळातल्या त्या निर्णयावर फोडणं बरोबर नाही. दुसरं म्हणजे टेबलावर उघडा पेशंट असताना पडदा काळा झाला तर 'पुढच्या महिन्यात येऊ शकणारा किडा' हा मुद्दा कोणाला सुचेल? चूक कुठे होती तर थिएटरमधले चार संगणक आणि बिलं करणारे चार हजार संगणक यांना एकच कळ होती. थिएटरची वेगळी करता आली असती तर प्रश्न तिथेच मिटला असता. मँचेस्टर महापालिकेलाही त्याच किड्याने २००९ मध्ये गाठलं. तिथला एकूण खर्च सुमारे १५ लाख पौंडांवर गेला, आणि बसच्या मार्गिकेत घुसणाऱ्या गाड्यांच्या दंडाच्या पावत्या वेळेत पाठवता आल्या नाहीत. तेवढ्यापुरते काही मँचेस्टरकर खूश झाले असतील.

शेफील्डनंतर आमच्याकडेही बैठका झाल्या. आमच्या क्ष-किरण विभागात एक यंत्र होतं, त्याला चालवणारा संगणक एक्सपीचा. मी एकदा यंत्र पुरवणाऱ्या कंपनीला रीतसर विचारलं की याला ठिगळं लावू का. उत्तर आलं की तुम्ही काहीही लावलंत तर देखभालीचा करार रद्द, आणि आम्ही लावायचं म्हटलं तर नियामकांची परवानगी नव्याने घ्यावी लागेल. हे दुसरं कारण त्या काळी सगळीकडे ऐकू यायचं. वास्तविक अमेरिकेच्या एफडीएने जानेवारी २००५ मध्येच स्पष्ट करून टाकलं होतं की निव्वळ सुरक्षेची ठिगळं लावायला बहुतेक वेळा नव्याने परवानगीची गरज नसते, ती लावणं हे यंत्र बनवणाऱ्याचंच काम आहे. आम्ही इंग्लंडात, तो नियम आम्हाला लागू नाही हे कबूल. पण तेच यंत्र तीच कंपनी अमेरिकेतही विकत होती.

शेवटी आम्ही त्या यंत्राला हात लावला नाही. त्याचं नेटवर्क तोडलं आणि मध्ये एक वेगळा संगणक ठेवला, जो त्याच्याकडून चित्रं घ्यायचा आणि पुढे पाठवायचा. बाकी कोणाशी बोलायची त्याला बंदी. रेडिओग्राफर मंडळी वैतागली, कारण दोन जास्तीच्या कळा दाबाव्या लागायच्या. पण यंत्र दहा वर्षं आणखी चालणार होतं आणि नवीन यंत्राची किंमत सहा आकडी होती. इस्पितळात 'जुना संगणक टाकून नवा घ्या' हे सांगायला सोपं, कारण तो संगणक म्हणजे त्या यंत्राचा एक स्क्रू असतो.

या सगळ्यात एक विरोधाभास राहून गेला. एप्रिल २००९ मध्ये एक्सपीचा मुख्य आधार संपला आणि तिथून पुढे पाच वर्षं तिला जवळजवळ फक्त सुरक्षेची ठिगळं मिळाली. नवा माल नाही, रूप बदलणं नाही. एक उदाहरण सांगते. जुलै २०१० मध्ये रुपयाचं नवं चिन्ह ठरलं, २०११ मध्ये विंडोज ७ आणि व्हिस्टाला ते उमटवण्यासाठी अपडेट आलं, एक्सपीला नाही. म्हणजे लोक वर्षानुवर्षं जे मागत होते, की आमच्या घराचा रंग बदलू नका, फक्त गळकं छप्पर दुरुस्त करा, ते तंतोतंत एक्सपीला या पाच वर्षांत मिळालं. पण तोवर कितीतरी जणांनी नळ बंद करून ठेवला होता. आणि चालू ठेवणाऱ्यांचीही परीक्षा सुटली नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये एक ठिगळ लावल्यावर अनेक एक्सपी यंत्रं निळा पडदा दाखवून बसली. शिव्या मायक्रोसॉफ्टला पडल्या. तपासात निघालं की त्या यंत्रांत अल्युरॉन नावाचा किडा आधीपासून लपून बसला होता, ठिगळाने पाया हलल्यावर तो अडखळला आणि यंत्राला घेऊन पडला. म्हणजे अपडेटने आजार दिला नाही, उघडा पाडला. पण दोनच महिन्यांनी, २१ एप्रिलला, मॅकाफीच्या विषाणूरोधकाचं रोजचं अपडेट आलं आणि त्याने एक्सपी एसपी-थ्रीची स्वतःची एक अत्यावश्यक फाइलच विषाणू समजून काढून टाकली. तिथे मात्र दोष पूर्णपणे अपडेटचा. सामान्य माणसाला दोन्ही प्रसंग सारखेच दिसले यात नवल नाही.

८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचा आधार पूर्ण संपला. ब्रिटिश सरकारने सुमारे ५५ लाख पौंड मोजून सरकारी यंत्रांसाठी आणखी एक वर्षाची ठिगळं विकत घेतली. २०१५ मध्ये तो करार पुढे चालवला नाही. याच सुमारास सांगलीला सासऱ्यांचा, म्हणजे नानांचा, एक्सपीचा संगणक हा आमच्या घरातला प्रश्न झाला होता. नाना निवृत्त शिक्षक. त्यांचं दहा वर्षांचं मराठी लेखन जुन्या, युनिकोड-पूर्व फाँटमध्ये, आणि तो प्रोग्रॅम चालायला पॅरलल पोर्टात खोचायचं डाँगल लागायचं. नव्या संगणकावर तो पोर्टच नाही, आणि फाँट नसेल तर सगळं लेखन म्हणजे इंग्रजी अक्षरांची भेळ. मी त्यांना म्हटलं, "नाना, त्याला काही लावू नका, पण त्याची इंटरनेटची वायर काढा. लिहायला हा, इंटरनेटला दुसरा." त्यांना पटलं. क्ष-किरण विभागातल्या युक्तीपेक्षा हे वेगळं काहीच नव्हतं. मग दोन सुट्ट्यांमध्ये बसून ते सगळं लेखन युनिकोडमध्ये आणलं. अर्धवट र आणि जोडाक्षरं हाताने दुरुस्त करण्यात निम्मी सुट्टी गेली, असो.

मग १२ मे २०१७. शुक्रवार. दुपारी जेवणानंतर बातम्या यायला लागल्या की इस्पितळांच्या पडद्यांवर लाल चौकट आलीये आणि ती बिटकॉइनमध्ये पैसे मागतेय. वॉनाक्राय. आमच्याकडे लागण नव्हती, पण वरून निरोप आला की सगळं बंद करा, ईमेलसुद्धा. रक्त तपासणीचे निकाल कागदावर लिहून पोर्टर पळत नेत होते. एका वयस्क सिस्टरने मला शांतपणे सांगितलं, "आम्ही १९८५ मध्ये असंच करायचो." तिला त्या दिवशी सर्वांत कमी त्रास झाला.

वॉनाक्राय ज्या भगदाडातून शिरला ते अमेरिकेच्या एनएसएने शोधून स्वतःपाशी ठेवलं होतं, आणि ते हत्यार चोरीला जाऊन १४ एप्रिलला उघड्यावर आलं. ठिगळ त्याच्या महिनाभर आधी, १४ मार्चला, मिळालेलं होतं. ते चालू आवृत्त्यांसाठी. एक्सपीला सर्वांसाठी खुलं ठिगळ हल्ला झाल्यावर मिळालं, बैल गेला अन् झोपा केला. त्या फायलीवरची सही मात्र फेब्रुवारी २०१७ ची होती. म्हणजे ते तयार होतं, पैसे भरणाऱ्यांपुरतं. हे मला अजून पचत नाही. आधार संपल्याची तारीख आधी जाहीर झाली होती, कंपनीची काही कायमची बांधिलकी नाही, हे सगळं मान्य करूनही.

पहिले काही दिवस सगळीकडे एकच ओरड होती. इस्पितळं जुनाट एक्सपी वापरतात म्हणून हे झालं. मंत्र्यांना प्रश्न, वर्तमानपत्रांत व्यंगचित्रं. नंतर आकडे आले. एनएचएसमधल्या यंत्रांपैकी तेव्हा ५ टक्क्यांहून कमी एक्सपीवर होती. कॅस्परस्कीच्या मोजणीत जगभरातल्या लागण झालेल्या यंत्रांपैकी सुमारे ९८ टक्के विंडोज ७ ची निघाली, जिचा आधार चालू होता आणि जिचं ठिगळ दोन महिने पडून होतं. क्रिप्टोस लॉजिकने प्रयोग करून पाहिला तर एक्सपीवर वॉनाक्राय बहुधा नीट चालायचाच नाही, यंत्र निळा पडदा दाखवून पडायचं. म्हाताऱ्याला चोराने धक्का दिला, म्हातारा पडला, चोराला काही नेता आलं नाही!

नॅशनल ऑडिट ऑफिसने हिशेब मांडला तो असा. इंग्लंडातल्या २३६ ट्रस्टपैकी ८० ना फटका बसला, त्यांपैकी ३४ ना खरी लागण आणि ४६ ची कामं आमच्यासारखी विस्कळीत. ५९५ जीपी दवाखान्यांना लागण. ६,९१२ भेटी रद्द झाल्याची नोंद, अंदाज १९ हजारांच्या वर. हल्ल्यापूर्वी ८८ ट्रस्टची जागेवर जाऊन तपासणी झाली होती, त्यांतला एकही उत्तीर्ण झाला नव्हता. हल्ला थांबला तो डेव्हनमधल्या मार्कस हचिन्स या २२ वर्षांच्या तरुणाने किड्याच्या पोटात सापडलेला एक पत्ता दहा-अकरा डॉलरला नोंदवला म्हणून.

विंडोज ७ ची ती यंत्रं बिनठिगळाची का राहिली? कोणी आळशी होतं म्हणून नव्हे, निदान मी पाहिलेल्या ठिकाणी नव्हे. प्रत्येक ठिगळाआधी आठ-दहा विभागांचे प्रोग्रॅम तपासायचे, यंत्र परत सुरू करायला वॉर्डाची परवानगी घ्यायची, वॉर्ड म्हणणार आज नको. आमच्या विभागात तेव्हा हे काम करायला दीड माणूस होता. दीड म्हणजे मी, आणि अर्धवेळ एक मुलगा.

सहाच आठवड्यांनी उलटा धडा मिळाला. २७ जून २०१७ चा नॉटपेट्या युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या प्रोग्रॅमच्या अपडेटमधूनच पसरला. म्हणजे ज्यांनी वेळेवर अपडेट केलं त्यांच्या घरात तो आधी शिरला. तिथून मेर्स्क या जहाज कंपनीत, आणि मेर्स्कमधून थेट आपल्या न्हावाशेव्याला. जेएनपीटीतल्या त्यांच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं आणि कंटेनर अडकून पडले. मेर्स्कने ४५ हजार संगणक दहा दिवसांत नव्याने उभे केले. आणि १९ जुलै २०२४ चा क्राउडस्ट्राइकचा प्रकार तर ताजाच आहे. ७८ मिनिटं बाहेर राहिलेल्या एका सदोष अपडेटने ८५ लाख विंडोज यंत्रं पाडली, इंग्लंडात जीपींची नोंदणी व्यवस्था बंद पडली. त्या सकाळी मी घरी सांगितलं, आज उशीर होईल.

तेव्हा मामांना मी जे सांगते ते इथेही सांगते. यंत्र किती जुनं आहे ते मी आधी विचारतच नाही. विचारते की ते कशाकशाला जोडलंय, त्यावर बँकेचं काम करता का, फोटोंची दुसरी प्रत कुठे आहे. प्रत नसेल तर आधी प्रत, मग बाकीचं बोलू. विंडोज १० ला घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची जादा ठिगळं मिळायची सोय आहे, सेटिंग्जची नक्कल त्यांच्या क्लाउडवर ठेवली तर फुकट, नाहीतर एकदा ३० डॉलरच्या आसपास. यात नवा माल काही येत नाही, निव्वळ ठिगळं येतात, त्यामुळे बँकेचं काम करणाऱ्याने ती बेलाशक घ्यावीत. यंत्र विंडोज ११ ला चालत नसेल (टीपीएम २.० नसलं की अडतं, दहा वर्षांपूर्वीच्या बहुतेक यंत्रांचं आणखीही अडतं), तर ती मुदत संपली की लिनक्स किंवा वायर काढणे. मामांचा संगणक पत्ते खेळायला आणि जुनी गाणी ऐकायला आहे. त्यांची वायर मी गेल्या आठवड्यात फोनवरून काढवली. आत्याचं नेट बँकिंग आहे, तिला जादा ठिगळं घेऊन दिली, आणि फोटोंची प्रत काढायला शेजारच्या मुलाला बोलावलंय.

आखाती देशांत किंवा अमेरिकेत कोणी इस्पितळात, बंदरात, कारखान्यात अशी जुनी यंत्रं सांभाळत असाल तर तुमच्याकडे थिएटरच्या संगणकांची कळ वेगळी ठेवलीय का, ते जरूर लिहा.